मोटारसायकलीवरील विजेची वांटणी

खानदेशांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिली नसून बैलगाडीप्रमाणेंच प्रपंचाचें एक साधन होऊन बसली आहे. केळीच्या बागेस पाणी देण्यासाठीं रात्रीं शेतावर जाणारा शेतकरी, दुधाच्या किटल्या लावून पहांटे निघणारा गवळी, जळगांवीं नोकरी करून सायंकाळीं एरंडोलास परतणारा कारकून आणि धुळ्याच्या बाजारांतून पारोळ्यास माल नेणारा दुकानदार, हे सर्व तिच्याच पाठीवर बसून आपापला उद्योग साधतात. गाडी घरीं आली कीं तिच्यावर आणखी चार जिनसा चढविण्याची हौस मालकास होतेच. कोणी मोबाईल चार्ज करण्याची सोय करून घेतो, कोणी जादा दिवे लावतो, कोणास मोठ्या आवाजाचा हॉर्न हवा असतो. जिनसा विकत आणणें सोपें. परंतु त्यांना वीज कोठून व कशी द्यावयाची, ह्याचा विचार फार थोडे लोक करतात. त्या विचाराचाच थोडा ऊहापोह येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक दिसतो खरा. पण मोटारसायकलीच्या तारा कोठून जातात हें एकदां पाहिलें म्हणजे तो क्षुल्लक नाहीं हें कळून येईल. हँडलापासून बैठकीपर्यंतच्या बहुतेक तारा पेट्रोलच्या टाकीखालून जातात. तेथें एखादी तार तापून तिचें आवरण वितळलें, तर परिणाम काय होईल हें सांगावयास नको. म्हणून विद्यार्थ्यांनीं हा लेख वर्गांतील विजेच्या धड्याचा प्रत्यक्ष उपयोग म्हणून, आणि पालकांनीं घरच्या माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून वाचावा अशी आमची विनंति आहे.

प्रथम ही वीज येते कोठून तें पाहूं. इ. स. १८३१ मध्यें मायकेल फॅरडे ह्यानें असें दाखवून दिलें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हालविला असतां त्या तारेंत वीज उत्पन्न होते. हा फॅरडे एका लोहाराचा मुलगा; लहानपणीं तो पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत होता, आणि जें पुस्तक बांधावयास येई तें वाचून काढी. पुढें मोठी कीर्ति मिळाल्यावरहि तो आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळींतील एक साधा सभासद व वडील म्हणूनच राहिला. त्याचाच शोध आज प्रत्येक मोटारसायकलीच्या इंजिनांत फिरत आहे. इंजिनाच्या दांड्याबरोबर लोहचुंबक फिरतात, शेजारच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, ती एका लहान यंत्रानें एकाच दिशेनें वाहणारी व बेताच्या दाबाची केली जाते, आणि बॅटरींत भरली जाते. ह्यावरून एक गोष्ट लक्षांत ठेवावी कीं, गाडीवरील वीज फुकट नाहीं व अमर्यादहि नाहीं. ती पेट्रोल जाळूनच मिळते, आणि वेटोळ्याची जेवढी शक्ति असेल तेवढीच मिळते.

आतां हिशेब करूं. विजेच्या दाबास व्होल्ट, प्रवाहास अँपिअर आणि खर्च होणाऱ्या शक्तीस वॅट म्हणतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे अँपिअर निघतात. आजकालच्या मोटारसायकलींची बॅटरी १२ व्होल्टांची असते. समजा, मालकानें २० वॅटांचे दोन जादा दिवे लाविले. दोहोंचे ४० वॅट, म्हणजे सुमारें ३.३ अँपिअर झाले. मोबाईलच्या चार्जरास वाटेंतील नुकसान धरून १८ वॅट लागले, तर दीड अँपिअर. हॉर्नास ४ अँपिअर धरूं. एकूण बेरीज ९ अँपिअरांच्या आंतबाहेर येते. हॉर्न क्षणभरच वाजतो. परंतु दिवे व चार्जर ह्यांचे ५८ वॅट सतत खर्च होत राहतात. लहान गाडीच्या इंजिनास हा भार झेपेल किंवा नाहीं, ह्याची परीक्षा अशी: इंजिन मध्यम वेगानें चालवून सर्व दिवे लावावे आणि बॅटरीच्या दोन टोंकांस मल्टीमीटर लावून पाहावें. कांटा १३ व्होल्टांच्या वर राहिला तर बॅटरी भरली जात आहे; तो साडेबाराकडे उतरूं लागला तर मिळकतीपेक्षां खर्च अधिक होत आहे, असें समजावें. मग संसाराप्रमाणें येथेंहि उपाय एकच, तो म्हणजे खर्च कमी करणें.

पुष्कळ ठिकाणीं नव्या जिनसेची तार गाडीच्या मूळ तारेस, आवरण सोलून व पीळ देऊन, तशीच जोडतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. हें काम पांच मिनिटांत होतें, व दिवाहि लागतो. म्हणून मालक संतुष्ट होतो. परंतु गाडीची मूळ तार कारखानदारानें मूळ दिव्यापुरतीच जाड ठेवलेली असते. इ. स. १८४१ मध्यें जेम्स जूल ह्यानें प्रयोगांनीं सिद्ध केलेला नियम असा आहे कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट. तेव्हां एका तारेवर दोन दिव्यांचा भार घालणें म्हणजे थोडीशी आगळीक नव्हे. त्यांतच मे महिन्यांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंजिनाशेजारची हवा त्याहूनहि तप्त असते. थंड देशांत जी तार कशीबशी टिकाव धरील, ती येथें धरीलच असें नाहीं. परदेशांत मोटारसायकलस्वार विजेनें तापणाऱ्या मुठी व बंड्या वापरतात. आमच्या खानदेशांत त्यांचें दुकान कोणी घालील असें वाटत नाहीं!

धोका केवळ आगीचाच नाहीं. जळगांवाहून एरंडोल व पारोळ्यावरून धुळ्यास जाणारा मोठा रस्ता, ज्यास पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत व आतां ५३ म्हणतात, त्यावर रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ असते. समजा, ह्या रस्त्यानें रात्रीं एक तरुण जात आहे. जादा दिव्याची तार हँडलापाशीं घांसून उघडी पडली व लोखंडास लागली. ती तार मूळ तारेसच जोडलेली असल्यामुळें गाडीचा मुख्य फ्यूज जळतो. पुष्कळ लहान गाड्यांत सर्व कामांस मिळून एकच फ्यूज असतो. म्हणून त्याच क्षणीं पुढचा दिवा, मागचा दिवा, हॉर्न हीं सर्व बंद पडतात, आणि गाडी नव्या पद्धतीची असेल तर इंजिनहि थांबतें. पाठीमागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकास पुढें कोणी आहे हेंहि दिसत नाहीं. शेंदोनशें रुपयांच्या दिव्यासाठीं हें संकट कोण ओढवून घेईल?

ह्यावरील उपाय म्हणजे जादा जिनसांकरितां विजेची स्वतंत्र वांटणी करणें, आणि ती गाडीच्या किल्लीच्या हुकमांत ठेवणें. ही व्यवस्था समजण्यास धुळें जिल्ह्यांतील फडपद्धतीचा दृष्टान्त फार उपयोगी पडेल. पांझरेसारख्या नदींत बंधारा घालून पाणी अडवावयाचें, तें एका मुख्य पाटानें बाहेर काढावयाचें, पुढें चाऱ्यांनीं निरनिराळ्या फडांस वांटावयाचें, आणि पाणी केव्हां सोडावें व केव्हां बंद करावें हें काम गांवानें नेमलेल्या पाटकऱ्याकडे सोंपवावयाचें, अशी ही कित्येक पिढ्यांची व्यवस्था आहे. कोणी शेतकरी मनास येईल तेथें पाटाची कड फोडूं लागला तर साऱ्या गांवाचें नुकसान होतें. आमच्या गाडींत बॅटरी हा बंधारा होय. तिच्यापासून निघणारी जाड तार हा पाट. रिले नांवाचें लहान यंत्र हा पाटकरी. आणि फ्यूजची पेटी ही चाऱ्या फुटण्याची जागा होय. मूळ तार सोलून जोड देणें म्हणजे पाटाची कड फोडणेंच आहे.

एका बाबतींत मात्र हा दृष्टान्त अपुरा पडतो. पाण्याचा पूर आला तर तो सांडव्यावरून वाहून जातो. विजेच्या पुरास सांडवा नाहीं. तेथें वाटच तोडावी लागते, आणि तें काम फ्यूज करतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेला धातूचा तुकडा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं हा तुकडा इतर सर्व तारांच्या आधीं तापून वितळतो व प्रवाह खंडित होतो. येथें एक सामान्य गैरसमज दूर करणें अवश्य आहे. फ्यूज दिव्याचें रक्षण करतो असें लोक समजतात. वस्तुतः तो तारेचें रक्षण करतो. म्हणून फ्यूजचा आंकडा तारेच्या जाडीवरून ठरवावयाचा असतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेस १० अँपिअरांहून, व अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेस २० अँपिअरांहून मोठा फ्यूज घालूं नये, हा सावधपणाचा नियम आहे. आजकालच्या चपट्या फ्यूजांस रंगांच्या खुणा असतात: ३ अँपिअर जांभळा, ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० तांबडा, १५ निळा, २० पिवळा व ३० हिरवा. फ्यूज पुनःपुन्हां जळूं लागला तर कोठें तरी दोष आहे असें तो सांगत असतो. अशा वेळीं अधिक मोठा फ्यूज घालणें, किंवा चंदेरी कागदाची घडी करून तेथें खुपसणें, म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड बांधण्यासारखें आहे.

आतां पाटकरी जो रिले त्याच्याकडे वळूं. पेटी सरळ बॅटरीस जोडली तर काय बिघडेल, असें कोणी विचारील. बिघडेल तें असें कीं, गाडी बंद करून मालक घरांत गेल्यावरहि पेटींत वीज चालूच राहील. दिवा विसरला तर सकाळीं बॅटरी रिकामी; आणि दिवा नाहीं विसरला तरी चार्जर रिकामा बसून थोडी वीज खातच असतो. तो एक अँपिअरचा विसावा भागच खात असला तरी दिवसाकांठीं १.२ अँपिअर-तास जातात. आणि लहान गाड्यांच्या बॅटरींत बहुधा तीन ते पांच अँपिअर-तासांचीच पुंजी असते. दिवाळीच्या सुटींत गाडी चार दिवस उभी राहिली कीं ती चालू होणार नाहीं. बरें, सगळा प्रवाह किल्लीच्या तारेंतूनच घेतला तर किल्लीचे नाजूक संपर्क जळतात. रिले ह्या दोन्ही अडचणी दूर करतो. त्याच्या पोटांत एक लहानसा विद्युच्चुंबक असतो. विद्युच्चुंबक प्रथम इ. स. १८२५ मध्यें विल्यम स्टर्जन ह्या इंग्रज गृहस्थानें करून दाखविला. हाहि लहानपणीं चांभाराच्या हाताखालीं शिकलेला होता. किल्ली फिरविली कीं अँपिअरच्या पांचव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनहि थोड्या प्रवाहानें हा चुंबक जागा होतो, लोखंडाची पट्टी ओढतो, 'टक्' असा आवाज होतो, व मोठ्या प्रवाहाची वाट उघडते. किल्ली काढली कीं वाट बंद. हुकूम लहान, काम मोठें. आणि हुकूम देणाऱ्यास झळ नाहीं.

रिलेच्या पायांवर आंकडे छापलेले असतात, ते पाठ करून ठेवावे. ३० ह्या पायास बॅटरीकडून वीज येते. ८७ मधून ती पेटीकडे जाते. ८५ व ८६ हे चुंबकाच्या वेटोळ्याचे दोन पाय होत. आंत डायोड बसविलेला रिले मिळाल्यास तोच घ्यावा. कारण वेटोळ्याचा प्रवाह तुटतांना विजेचा एक उलट झटका उत्पन्न होतो, व तो गाडींतील नाजूक उपकरणांस बाधक होऊं शकतो. मात्र अशा रिलेंत ८६ ला धन व ८५ ला ऋण असाच क्रम पाळावा लागतो.

काम करण्याचा क्रम पुढीलप्रमाणें. प्रथम किल्ली काढावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. ती नेहमीं आधीं सोडवावी व शेवटीं जोडावी. ह्याचें कारण असें कीं, गाडीचा सर्व लोखंडी सांगाडा ऋण टोंकास जोडलेला असतो. तें टोंक जोडलेलें असतांना धन टोंकावरील पाना सांगाड्यास लागला तर प्रचंड प्रवाह वाहून ठिणग्या उडतात, आणि पेट्रोल जवळच असतें. नंतर धन टोंकापासून अडीच चौरस मिलिमीटरची तार काढून तिच्यावर वीतभर अंतराच्या आंतच १५ अँपिअरचा मुख्य फ्यूज बसवावा. फ्यूज दूर बसविला तर बॅटरी व फ्यूज ह्यांमधील तार अनाथ राहते. तेथून तार रिलेच्या ३० ला, व ८७ पासून पेटीच्या तोंडास न्यावी. ८५ ऋण टोंकास जोडावा. ८६ करितां किल्ली फिरविल्यावरच जिच्यांत वीज येते अशी तार शोधावी. मागच्या दिव्याची तार बहुधा ह्या कामीं येते. ती टेस्ट लॅम्प लावून खात्रीनें ओळखावी. अंदाजानें काम करूं नये. ता. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल सोडण्याचें काम एक लहान संगणक करतो. त्याच्या किंवा ब्रेकवरील नियंत्रणाच्या तारांस मुळींच हात लावूं नये.

पेटींतून मग प्रत्येक जिनसेची स्वतंत्र तार काढावी. आमच्या उदाहरणांत दिव्यांस ५, चार्जरास ३ व हॉर्नास साडेसात अँपिअरचे फ्यूज शोभतील, आणि तिन्हींस एक चौरस मिलिमीटरची तार पुरेल. अशा रीतीनें दिव्याच्या तारेंत दोष झाला तर दिव्याचाच फ्यूज जळेल. गाडीचा मूळ दिवा, हॉर्न व इंजिन ह्यांस त्याची वार्ताहि लागणार नाहीं. परतीची ऋण तारहि धन तारेइतकीच जाड असावी व ती बॅटरीपर्यंत न्यावी. रंग दिलेल्या लोखंडास स्क्रूनें अडकवूं नये, कारण रंग विजेस अडवितो.

जोड देतांना तारेच्या टोंकांस लग घालून ते पकडीनें घट्ट दाबावे. नुसता पीळ गाडीच्या कंपनानें सुटतो. तारा नळींतून न्याव्या, सायलेन्सरापासून दूर ठेवाव्या, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून कोठें ताण पडत नाहीं ना तें पाहावें. पेटी बैठकीखालीं, पावसाचें पाणी न पोंचेल अशा जागीं बसवावी. शेवटीं ऋण तार जोडून परीक्षा घ्यावी: किल्ली फिरवितांच 'टक्' आवाज व्हावा व दिवा लागावा, किल्ली काढतांच दोन्ही शांत व्हावीं. आठ दिवसांनीं बैठक काढून सर्व जोड हातानें चांचपून पाहावे. एखादा गरम लागला तर तो सैल आहे असें समजावें.

कायद्याविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमानें वाहनाच्या मूळ रचनेंत मन मानेल तसे बदल करण्यास मनाई आहे; म्हणून जादा दिवे लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणें श्रेयस्कर. दिवा आपणांस वाट दाखविण्याकरितां असतो, समोरच्याचे डोळे दिपविण्याकरितां नव्हे. त्याचा झोत खालीं वळविलेलाच असावा. आणि ज्यांच्या मुलांस अठरा वर्षें पुरीं झालीं नाहींत त्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं तूर्त वडिलांच्या गाडीच्या तारा समजून घ्याव्या, हिशेब कागदावर करून द्यावा, आणि काम चाललें असतां टेस्ट लॅम्प धरून उभें राहावें. किल्ली हातीं घेण्यास पुढें सारें आयुष्य आहे.

विजेचे नियम गरीब-श्रीमंत, शहाणा-अडाणी असा भेद करीत नाहींत. जो ते जाणून वागतो त्याची ती चाकरी करते. जो दुर्लक्ष करतो त्यास ती पूर्वसूचना न देतां शासन करते. पेटींतील तो दोन-चार रुपयांचा फ्यूज बैठकीखालीं अंधारांत बसलेला असतो, कोणी त्यास पाहत नाहीं. प्रसंग आला म्हणजे तो स्वतः जळतो आणि गाडी व गाडीवरील माणूस ह्यांस वांचवितो. त्याची जागा नीट निवडून देणें व त्याच्या जागीं खोटा तुकडा न बसविणें, एवढेंच त्याचें आपणांकडे मागणें आहे.